वाचक विचारतात: फोटोग्राफीत पीजी करायचंय, पण नेमकं कशासाठी?

मागच्या अंकात फोटोग्राफीच्या पुढच्या शिक्षणावर दोन ओळी काय लिहिल्या, मेलबॉक्स भरला. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही कापलेत, रागावू नका.

प्रश्न (सांगली): ताई, मी बीकॉम, वय 25. चुलतभावासोबत लग्नाचं आणि प्रीवेडिंगचं काम करतो, सीझनमध्ये श्वास घ्यायला वेळ नसतो. पण आता तेच तेच वाटायला लागलंय. कंटेम्पररी फोटोग्राफीत पीजी करावं म्हणतोय. एनआयडीचं नाव ऐकलंय. तिथे माझं लायटिंग अजून पक्कं होईल का? आणि बीकॉमवाल्याला घेतात का?

उत्तर: घेतात की. एनआयडी म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन, तिच्या गांधीनगर कॅम्पसला फोटोग्राफी डिझाइनचं एमडेस (मास्टर ऑफ डिझाइन) आहे, अडीच वर्षांचं, आणि आर्ट कॉलेजचीच पदवी पाहिजे असं काही नाही. डीएटी ही परीक्षा द्यायची, आधी प्रिलिम्स, त्यातून निघालास की मेन्स. पण फक्त लायटिंग पक्कं करायला जाणार असशील तर नको जाऊ बाबा. रात्री अकरा वाजता कार्यालयाच्या हिरव्या-जांभळ्या एलईडीत नवरीचा चेहरा नीट आणतोस, तुला लायटिंग येतं. उरलंसुरलं शिकायला उटीची लाइट अँड लाइफ अकॅडमी आहे, तिथे भरच व्यावसायिक कामावर आहे.

कंटेम्पररी फोटोग्राफी म्हणजे आजच्या काळातली, कलेच्या अंगाने केलेली फोटोग्राफी. तिच्या पीजीला प्रश्नच वेगळे असतात. हे का काढलंस, असंच का काढलंस, याआधी कुणी काढलंय ते बघितलंस का, आणि ज्याचा फोटो आहे त्याला यात काय बोलायला मिळालं. भिंतीवर प्रिंट लावायचे आणि सगळ्या वर्गाने त्यावर बोलायचं, त्याला क्रिट म्हणतात, आणि तिथे ‘कडक भावा’ कुणी म्हणत नाही. इन्स्टावर हजार लाइक घेऊन आलेली पोरं पहिल्या क्रिटला गप्प होतात, मी बघितलीयेत.

आता जर्मनीतली गोष्ट सांगते म्हणजे अंदाज येईल. डसेलडॉर्फच्या कला अकादमीत 1976 मध्ये बर्न्ड बेशर प्रोफेसर झाले. ते आणि त्यांची बायको हिला, दोघं मिळून आयुष्यभर पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींवरचे मनोरे असलेच फोटो काढत राहिले. आभाळ ढगाळ असलं तरच, म्हणजे गडद सावली नको, मोठा कॅमेरा ट्रायपॉडवर, टाकी फ्रेमच्या बरोबर मध्ये, माणूस एकही नाही. एकटा फोटो बघितलास तर पाणीपुरवठा खात्याच्या फायलीतला वाटेल, खरंच. पण तशा नऊ-पंधरा टाक्या ओळीने एका चौकटीत लावल्या की डोळे आपोआप तुलना करायला लागतात, हिचं पोट गोल, तिचे पाय बारीक, ही कुणीतरी हौसेने बांधलीय, ती नुसती उरकलीय. त्यांच्या हाताखाली आंद्रेआस गुर्स्की, थॉमस श्ट्रुट, थॉमस रूफ, कॅन्डिडा ह्योफर शिकले आणि चौघांचं काम एकमेकांसारखं नाही. गुर्स्कीचा ऱ्हाइन नदीचा एक फोटो 2011 मध्ये 43 लाख डॉलरला गेला (हे वाचून अर्ज करू नकोस, असं कुणाचं होत नाही).

आपल्याकडचं बघायचं तर फोटोग्राफर गौरी गिल. तिने अमेरिकेत स्टॅनफर्डहून एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) केलंय. 2015 च्या सुमाराला ती पालघर जिल्ह्यात जव्हारला गेली, तिथे बोहाड्यात देवदेवतांचे कागदी लगद्याचे मुखवटे घालून नाचतात. तिने नुसता बोहाडा शूट केला असता तरी फोटो सुंदरच आले असते. तिने काय केलं, मुखवटे करणाऱ्या तिथल्याच कलाकारांना म्हटलं की देव नकोत, आजची माणसं करा, प्राणी करा, रोजच्या वस्तू करा. मग गावातल्याच लोकांनी ते घालून आपलं रोजचं जगणं करून दाखवलं, घरात, दुकानात, दवाखान्यात. म्हणजे बटण दाबायच्या आधीच निम्मं काम झालं होतं, आणि ते तिने एकटीने केलेलं नव्हतं. हे ‘आधीचं निम्मं’ पीजीला शिकायचं असतं.

तुझ्यासाठी गृहपाठ: हार्ड डिस्कमधून सगळ्या प्रीवेडिंगमधली एकच पोझ काढ, तो तिला मागून मिठी मारतो ती, आणि पन्नास जोडपी एकाखाली एक लाव. किंवा क्लायंटने नाकारलेले फोटोच फक्त घे. त्यात तुला काहीतरी दिसलं आणि झोप उडाली तर फॉर्म भर. आणि धंदा बंद करू नकोस, फीचे पैसे तिथूनच येणारेत.

प्रश्न (नागपूर): नमस्कार. मुलीला लंडनला फोटोग्राफीत एमए करायचं आहे. आम्ही नोकरदार माणसं. खर्च किती, आणि परत आल्यावर नोकरी मिळेल का? स्पष्ट सांगावे.

उत्तर: नमस्कार काका, स्पष्टच सांगते. तिकडे एमए बहुतेक एका वर्षाचं असतं. रॉयल कॉलेज ऑफ आर्ट, वेस्टमिन्स्टर विद्यापीठ, लंडन कॉलेज ऑफ कम्युनिकेशन ही नेहमीची नावं. त्यातलं शेवटचं फोटोजर्नालिझम आणि डॉक्युमेंटरीसाठी ओळखलं जातं, म्हणजे मुलीला नक्की कशात रस आहे ते आधी तिला विचारा. नुसती फी 20 ते 40 हजार पौंडांच्या दरम्यान धरा, राहणं-खाणं वेगळं, लंडन स्वस्त नाही. घर गहाण ठेवून पाठवू नका, हे माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या.

ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग स्कॉलरशिप पूर्ण खर्च देते पण तिला किमान दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो, आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परत यावं लागतं. इनलॅक्स फाउंडेशन कलेच्या मुलांना मदत करतं, जे. एन. टाटा एन्डॉवमेंट कर्जरूपाने देतं. अनुसूचित जातीतल्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिला जागतिक रँकिंगची अट असते. ती अट एकंदर रँकिंगची की विषयाच्या, हे जाहिरातीत दोनदा वाचा, कारण रॉयल कॉलेजसारखी फक्त कला-डिझाइन शिकवणारी संस्था विषयाच्या यादीत वरती असते आणि एकंदर यादीत सापडतच नाही. पोरं इथे अडकतात. जर्मनीतल्या बऱ्याच सरकारी अकादम्यांत फी नावापुरती असते, पण तिथे जर्मन भाषा लागते आणि व्हिसासाठी वर्षाचे सुमारे 12 हजार युरो ब्लॉक्ड अकाउंटला (आधीच पैसे भरून ठेवायचं, दर महिन्याला ठरावीकच काढता येतात असं खातं) दाखवावे लागतात.

नोकरी: ‘कंटेम्पररी फोटोग्राफर पाहिजे’ अशी जाहिरात येत नाही. लोक गॅलरीत, फोटो-संग्रहांत, मासिकांच्या फोटो डेस्कवर, डिझाइन कॉलेजांत लागतात, सोबत कमर्शियल कामं करून आपलं काम चालू ठेवतात. आपल्याकडे कॉलेजात शिकवायचं मनात असेल तर व्हिज्युअल आर्ट विषयातून नेट द्यावी लागेल. आणि आधी दिल्लीला जामियाच्या मासकॉम सेंटरमध्ये स्टिल फोटोग्राफीचा एक वर्षाचा पीजी डिप्लोमा आहे, फी लंडनच्या जवळपासही नाही. तो करून मग बघू, असं तिला म्हणून बघा. ती चिडेल, पण म्हणून बघा.

प्रश्न (लातूर): पोर्टफोलिओत किती फोटो? माझे बेस्ट 20 टाकू का? त्यात सनसेट, पोर्ट्रेट, स्ट्रीट, मॅक्रो सगळं आहे. स्टेटमेंट इंग्लिशमध्ये चॅटजीपीटीकडून घेतलं तर चालेल का?

उत्तर: किती ते प्रत्येक ठिकाणी लिहिलेलं असतं, तेवढेच दे, एकही जास्त नको. पण बेस्ट 20 नको गं. सगळ्यातलं थोडं थोडं म्हणजे मुलीचा कशातच जीव नाही असं वाचलं जातं. एक विषय घे, दोन फार तर. गल्लीतल्या लॅबमधून साध्या पोस्टकार्ड साइझचे प्रिंट मार, सगळे फरशीवर पसर, आठवडाभर तसेच राहू दे. येता-जाता बघ, उचल, जागा बदल. दोन फोटो एकच गोष्ट सांगत असतील तर त्यातला जास्त देखणा काढून टाक. हो, जास्त देखणाच, कारण बहुतेक वेळा आपण तो देखणा आहे म्हणूनच ठेवलेला असतो.

स्टेटमेंट आधी मराठीत लिही, मावशीला फोनवर सांगतेस तसं. ‘मी आजोळच्या बंद पडलेल्या जिनिंग मिलचे फोटो काढते कारण आजोबा तिथे मुकादम होते’, एवढं पुरतं. मग इंग्लिश कर, मदत कुणाचीही घे. आयडेंटिटी, मेमरी, लिमिनल स्पेस असले शब्द मशीन भरभरून देतं, आणि इंटरव्ह्यूला त्यातल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारतात, सांगा बघू.

प्रश्न (अनेकांचा): पीजीला जाण्याआधी कोणता कॅमेरा घेऊ?

उत्तर: आहे तोच.

प्रश्न (मडगाव): डिग्रीशिवाय या क्षेत्रात कुणी गंभीरपणे घेतं का? मी नोकरी सोडू शकत नाही.

उत्तर: घेतात. सोहराब हुराने मास्टर्स केलं ते दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून, अर्थशास्त्रात, आणि तो मॅग्नम या फोटोग्राफरांच्या जगप्रसिद्ध संस्थेचा सदस्य झाला. दयानिता सिंग एनआयडीत शिकली, मग न्यूयॉर्कच्या आयसीपीत (इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफी) डॉक्युमेंटरी फोटोग्राफीचा कोर्स, आणि फोटोग्राफीतला मोठा मानला जाणारा हॅसलब्लाड पुरस्कार 2022 मध्ये तिला मिळाला. डिग्रीमुळे जे फुकट मिळतं ते म्हणजे तोंडावर खरं बोलणारी दहा माणसं आणि ठरलेल्या तारखा. ते तुम्हाला स्वतः जमवावं लागेल. तुमच्याकडे तर पणजीत डिसेंबरला सेरेंडिपिटी हा कला महोत्सव असतो, आल्तिनोला सुनापरान्त हे कलाकेंद्र आहे, तिथल्या प्रदर्शनांना आणि गप्पांना जा, दोन-चार ओळखी करा, महिन्यातून एक रविवार प्रिंट घेऊन कुणाच्या तरी घरी बसा. मोबाइलच्या स्क्रीनवर दाखवायचं नाही ही एकच अट ठेवा. आणि चेन्नई फोटो बिएनाले या फोटोग्राफी महोत्सवाची तारीख आली की सुट्टीचा अर्ज आधी टाका, नंतर ऑफिसमध्ये कुणी देत नाही.