स्टेम सेल, डिलक्स खोली आणि बिनपगारी रजा: बाळंतपणाचे पैसे कुठे घालावेत?

प्रश्न: मी 29 वर्षांची आहे, आम्ही चिंचवडला राहतो. सहावा महिना संपत आलाय, पहिलंच बाळंतपण. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी क्वालिटी विभागात आहे, हातात 46,000 येतात, नवऱ्याचे 38,000. घराचा हप्ता 27,500, बाकी घरखर्च 32,000. एफडीत 3,40,000 आहेत, दुसरी शिल्लक नाही. माझ्या कंपनीच्या विम्यात बाळंतपणाला 50,000 ची मर्यादा आहे. हॉस्पिटलचं पॅकेज दोघींच्या खोलीत नॉर्मलला 75,000, सिझेरियनला 1,20,000. डिलक्स खोली घेतली तर सिझेरियनचे 1,75,000. कळांच्या वेळी सोबत राहणाऱ्या मिडवाइफचे 12,000 वेगळे, ते आम्ही वगळायचं म्हणतोय. बाळाच्या नाळेतलं रक्त साठवून ठेवणाऱ्या स्टेम सेल बँकेचे 65,000 आहेत. घरचे म्हणतात, बाळासाठी हात आखडता घ्यायचा नाही. सांगलीला आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे माहेरी जाता येणार नाही. सासूबाई बारशापर्यंत थांबतील, पण सासऱ्यांच्या डायलिसिससाठी त्यांना साताऱ्याला परतावं लागेल. मालिश-आंघोळीची बाई रोजचे 700 मागते, ते फार वाटतात. पगारी रजा संपल्यावर तीन महिने बिनपगारी घरी राहावंसं वाटतं, पण त्यात 1,38,000 बुडतील. काय करावं?

उत्तर: तुम्हाला टोचतायत ते बाईचे रोजचे 700 रुपये. पण स्टेम सेलचे 65,000 आणि डिलक्स खोलीचे जादा 55,000, मिळून 1,20,000, यांवर घरात कुणी प्रश्नच विचारलेला दिसत नाही. माझं मत आधीच सांगून टाकते. बाई ठेवा, मिडवाइफ घ्या, स्टेम सेल आणि डिलक्स खोली दोन्ही सोडा, आणि बिनपगारी रजा तीन नाही तरी दोन महिने घ्याच.

स्टेम सेलबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे दबाव सगळ्यात जास्त असतो. नाळ आयुष्यात एकदाच मिळते, ही संधी गेली की गेली, असं सांगून पॅकेज विकलं जातं. नाळेतल्या रक्तातल्या पेशींनी रक्ताचे काही गंभीर आजार बरे होतात, हे खरं आहे. असं पहिलं प्रत्यारोपण 1988 मध्ये पॅरिसला झालं. पण तिथे आजारी मुलाला दिलेल्या पेशी त्याच्या नवजात बहिणीच्या होत्या, त्याच्या स्वतःच्या नव्हत्या. थॅलेसेमियासारखा रक्ताचा जन्मजात आजार असेल तर तोच दोष बाळाच्या स्वतःच्या साठवलेल्या पेशींतही असतो, म्हणून त्या त्याच्या कामी येत नाहीत. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि बालरोगतज्ज्ञांची इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, दोघांनीही ‘बाळाचा जैविक विमा’ म्हणून खासगी बँकेत नाळेचं रक्त साठवण्याला पाठिंबा दिलेला नाही. घरात आधीच्या मुलाला असा आजार असेल आणि डॉक्टरांनीच सुचवलं असेल तर गोष्ट वेगळी. तुमचं हे पहिलंच बाळ आहे, आणि घरात असा आजार असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही.

घरच्यांना एक गोष्ट आवर्जून सांगा. जन्मानंतर नाळ लगेच न कापता किमान एक मिनिट थांबावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढ्या वेळात नाळेतलं बरंच रक्त बाळाच्या अंगात जातं आणि पुढचे काही महिने त्याला लोह पुरतं. याला एक रुपयाही लागत नाही. डॉक्टरांशी हे आत्ताच बोलून ठेवा. बाळासाठी हात आखडता न घेण्याची त्यांची इच्छा अगदी रास्त आहे. ती पुरी करायला 65,000 चा करार लागत नाही, एवढंच.

डिलक्स खोलीचं थोडक्यात. पुष्कळ हॉस्पिटलांत खोलीचा दर्जा वाढला की डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ असं सगळंच वरच्या दराने लागतं. ऑपरेशन मात्र तेच असतं. दोन-चार दिवसांच्या एकांतासाठी 55,000 ही तुमच्या बजेटमध्ये न बसणारी चैन आहे.

आता हिशेब. दर महिन्याला तुमच्या हातात 24,500 उरतात. तारखेपर्यंतच्या तीन महिन्यांत साधारण 73,000 जमतील, म्हणजे एफडी धरून 4,13,000. यातले 1,80,000 बाजूला काढा. हे हप्ता आणि घरखर्च मिळून तीन महिन्यांचे पैसे आहेत, त्यांना बाळंतपणासाठी हात लावायचा नाही. उरले 2,33,000. हॉस्पिटलचा अंदाज सिझेरियनचाच धरा. पॅकेजबाहेरची औषधं, बालरोगतज्ज्ञांच्या भेटी, कावीळ झाली तर बाळाला दिव्याखाली ठेवण्याचा खर्च, यासाठी वर 20,000 ठेवा. 1,40,000 मधून विम्याचे 50,000 वजा केले की तुमच्या खिशातून 90,000 जातील. तपासण्या आणि बाळाचं सुरुवातीचं सामान यांना 20,000 धरले, तरी सव्वा लाखाच्या आसपास रक्कम मोकळी राहते.

हीच रक्कम आज स्टेम सेल आणि डिलक्स खोलीकडे निघाली आहे. ती घरी ठेवली तर काय काय होतं ते बघा. बाई 42 दिवस, 700 प्रमाणे: 29,400. स्वयंपाक आणि वरकामाला तीन महिने मदत, महिना 6,000 धरून: 18,000. बिनपगारी रजेत नवऱ्याचे 38,000 येतील आणि बाळाचे 8,000 धरून 67,500 लागतील, म्हणजे महिन्याला 29,500 ची तूट, दोन महिन्यांची 59,000. सगळं मिळून 1,06,400. म्हणजे त्या 1,20,000 मधून हे सगळं होऊन मिडवाइफचे 12,000 सुद्धा निघतात. आणि बाळंतपण नॉर्मल झालं तर 45,000 आणखी वाचतील.

मिडवाइफचे पैसे वगळू नका असं मी म्हणते, त्याला कारण आहे. कळांच्या सगळ्या काळात एक जाणती व्यक्ती सतत सोबत असली तर आपोआप प्रसूती होण्याची शक्यता वाढते आणि सिझेरियनची घटते, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. नर्स राउंडला येऊन जाते. मिडवाइफ शेजारी थांबते, कंबर चोळून देते, कूस बदलायला लावते, कधी चालायचं आणि कधी जोर करायचा ते सांगते. केंद्र सरकारनेही 2018 मध्ये मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि परिचारिकांसाठी 18 महिन्यांचं प्रशिक्षण ठरवलं. तुमच्या हॉस्पिटलमधल्या मिडवाइफचं प्रशिक्षण काय आणि कुठे झालंय, आणि त्या रात्रीच्याही असतात का, हे विचारून मगच पैसे भरा.

आता बाई. पूर्वी पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं तेव्हा आई, मावशी, आजी, शेजारच्या काकू मिळून ओल्या बाळंतिणीचं सगळं करायच्या. त्या कामाचे कुणी पैसे मोजले नाहीत, म्हणून आज 700 ऐकले की महाग वाटतं. सासूबाई बारशानंतर जाणार, म्हणजे तेराव्या दिवसापासून दिवसभर घरात तुम्ही आणि बाळ दोघंच. सिझेरियन झालं असेल तर तेव्हा टाक्यांची ओढ गेलेली नसते, वाकून बादली उचलता येत नाही, रात्री दर दोन-अडीच तासांनी बाळ दुधाला उठतं. अशा वेळी सकाळी कुणी येऊन तुम्हाला शेकून-चोळून आंघोळ घालतं, बाळाला न्हाऊ घालून झोपवतं, तेव्हा तुम्हाला सलग दोन तासांची झोप मिळते. ती झोपच तुम्ही 700 रुपयांना घेताय, असं मी धरते.

बाईंशी आधीच स्पष्ट बोला. सिझेरियन झालं तर डॉक्टर सांगतील तेव्हाच मालिश सुरू होईल आणि दिवस तेव्हापासून मोजायचे. पोटाला हात लावायचा नाही. बाळाच्या नाका-कानात तेल घालायचं नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा दाट धुरी नको, त्या धुराने बाळाचा श्वास कोंडू शकतो. पैसे आठवड्याच्या आठवड्याला द्या, सगळे आगाऊ देऊ नका. शेवटी साडी द्यायची रीत असते, तीही हिशेबात धरा. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू मात्र विकत आणू नका. सांगलीच्या आईला ते बसून करता येतील आणि त्यांनाही बरं वाटेल.

नवऱ्याने रजा हॉस्पिटलच्या दिवसांत संपवू नये. तिथे माणसं असतात. ती सासूबाई गेल्यानंतरच्या आठवड्यासाठी राखून ठेवावी.

रजेबद्दल एक गोष्ट तुमच्या पत्रात सुटली आहे. प्रसूती लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा 26 आठवडे झाली आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तितकीच आहे. पण ती तारखेच्या आधी जास्तीत जास्त 8 आठवडे घेता येते आणि जितकी आधी घ्याल तितकी नंतर कमी होते. आठ आठवडे आधीच बसलात तर नंतर 18 उरतील. तब्येत बरी असेल, डॉक्टर हो म्हणत असतील आणि तीन आठवडे आधी रजा सुरू केली, तर नंतर 23 उरतात. 23 अधिक दोन महिने म्हणजे जवळपास 32 आठवडे. 18 अधिक तीन महिने म्हणजे 31. तिसरा बिनपगारी महिना न घेताही बाळाजवळचे दिवस तेवढेच राहतात. शेवटच्या आठवड्यांत तासन्‌तास उभं राहून करायचं काम नको म्हणण्याचा हक्क तुम्हाला कायद्याने आहे. इन्स्पेक्शनच्या टेबलावर दिवसभर उभं राहावं लागत असेल तर आत्ताच लेखी अर्ज द्या. आणि शरीर नको म्हणत असेल तर या हिशेबाकडे बघू नका, रजा घ्या. बाळंतपणातून आजारपण आलं किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचं झालं, तर डॉक्टरांच्या दाखल्यावर आणखी एक महिन्याची पगारी रजा मिळते. हे पुष्कळ जणींना ठाऊक नसतं आणि त्या बिनपगारी रजा टाकून बसतात.

लसींसाठी वेगळे पैसे ठेवायची गरज नाही. बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलंट, रोटाव्हायरस, न्यूमोकोकल या लसी महापालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळतात. तपासण्या आणि सामानासाठी धरलेल्या 20,000 मधलं जे उरेल ते स्तनपान तज्ज्ञासाठी आणि तुमच्या स्वतःच्या तपासणीसाठी ठेवा. बाळाला सगळे दाखवून आणतात, बाळंतिणीला कुणी नेत नाही. सहा आठवड्यांची तपासणी चुकवू नका. रक्तस्राव अचानक वाढला, ताप आला, डोकं असह्य दुखलं किंवा पोटरी सुजली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. दोन आठवड्यांनंतरही मन खचलेलं राहिलं, बाळाजवळ असूनही रडू येत राहिलं, तर त्याचेही डॉक्टर असतात आणि ती फी याच पैशांतून द्या.

या आठवड्यात एचआरला मेल करा आणि उत्तर लेखीच घ्या. बाळाला एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं तर तो खर्च 50,000 च्या आत धरतात की कुटुंबाच्या मुख्य विमा रकमेतून देतात? बाळ पहिल्या दिवसापासून विम्यात असतं का, आणि जन्म किती दिवसांत कळवायचा? बिनपगारी रजेच्या काळात विमा चालू राहतो ना? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘50,000 च्या आतच’ असं आलं, तर बिनपगारी रजा दोनऐवजी एकच महिना धरा आणि वाचलेले 29,500 बाळाच्या नावाने वेगळे ठेवा. बाळ सुखरूप घरी आलं की ते पुन्हा रजेकडे वळवा.