घरचे सोयाबीन पेरण्याआधी गोणपाटात उगवून पाहावे का?

आपण विचारले आहे की, घरचे सोयाबीन बियाणे म्हणून वापरण्याआधी घरात उगवून पाहिले तर त्या आकड्यावर विसंबता येते का, आणि कोणता वाण ठेवावा. विसंबता येते, पिशवीवरच्या लेबलापेक्षा मी त्यावरच अधिक विसंबतो.

2019 च्या ऑक्टोबरात ऐन काढणीत पाऊस आला आणि मराठवाड्यात सोयाबीनच्या गंजी शेतातच भिजल्या. पुढच्या मे महिन्यात मी घरातल्या प्रत्येक पोत्यातले शंभर दाणे, निवड न करता, दहा-दहाच्या ओळींत ओल्या गोणपाटावर मांडले, वर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी केली आणि ती माजघरात सावलीला ठेवली. शेजारचे शेत कसणारे माझे थोरले चुलतभाऊ सर्वांदेखत म्हणाले, ‘उसळ करायची आहे का?’ आणि तालुक्याहून पिशव्या घेऊन आले. आठवडाभराने गुंडाळी उलगडली, तेव्हा चांगल्या पोत्यातल्या दाण्यांची पांढरी मुळे गोणपाटाच्या धाग्यांत इतकी गुंतली होती की उचलताना तुटत होती. थप्पीच्या तळाशी राहिलेल्या पोत्यातले दाणे मात्र फुगून बुळबुळीत झाले होते आणि चिमटीत धरताच त्यांचा आंबूस लगदा होत होता. ते पोते मी पेरले नाही.

त्या जूनमध्ये राज्यभरातून सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी आल्या. भावांच्या शेतात तासेच्या तासे रिकामी राहिली आणि दुबार पेरणी करावी लागली. दोष बियाण्याचा की खोल पेरणीचा, हा वाद ते आजही घालतात. माझे म्हणणे तेव्हाही हेच होते की पिशवीतलेही शंभर दाणे आधी गोणपाटात घालावेत, कारण सोयाबीनचे टरफल पातळ असते, अंकुर लगेच त्याखाली असतो, आणि पोते आपटल्याने घरच्या बियाण्याइतकीच विकतच्या बियाण्याचीही उगवण घटते.

मोजताना फुगलेला प्रत्येक दाणा धरू नये. मूळ आणि कोंब दोन्ही निरोगी असतील तीच रोपे मोजावीत. शंभरांत सत्तर किंवा अधिक आली तर एकरी 30 किलो बियाणे पुरते, साठ आली तर 35 किलो घ्यावे, आणि त्याहून कमी आली तर ते बियाणे पेरूच नये.

चाचणी बीजप्रक्रियेच्या, म्हणजे बियाण्याला औषध चोळण्याच्या, आधी करावी, हे सांगायचे राहिले. शिवाय गोणपाटातला आकडा शेतात जसाच्या तसा उतरत नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होण्याआधी किंवा 3-4 सेंटिमीटरपेक्षा खोल पेरले तर उत्तम बियाणेही वाया जाते, आणि एवढ्यापुरता भावांच्या वादातला खोल पेरणीचा मुद्दा मला मान्य आहे. वाणाचे म्हणाल तर सोयाबीन स्वपरागित असल्यामुळे आपल्या जमिनीत चांगला उतरलेला सरळ (संकरित नसलेला) वाण तीन वर्षांपर्यंत घरचाच ठेवता येतो. त्यानंतर बियाणे बदलावे, आणि तेही उगवून पाहूनच पेरावे.