वाचकांचे प्रश्न : मदतीची गाडी सीमेवर उतरवून कोण घेणार?

प्रश्न : २०१९च्या महापुरात आमच्या तालीम मंडळाने शिरोळ तालुक्यात धान्य व कपड्यांच्या गाड्या नेल्या होत्या. आता सुदानमधून चाड देशात येणाऱ्या निर्वासितांसाठी तसेच काही करावे, असे ठरले. जुने कपडे, चादरी, धान्य, दुधाची पावडर असे साहित्य जमलेही. परंतु ज्या संस्थेकडे चौकशी केली, तिने वस्तू नकोत, पैसे पाठवा, असे कळवले. कार्यकर्ते नाराज आहेत. सीमेवर हे ठरवते तरी कोण?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : संस्थेचे उत्तर रूक्ष वाटले तरी योग्य आहे. एप्रिल २०२३मध्ये सुदानात युद्ध पेटल्यापासून सुदानच्या पश्चिम भागातील दारफूरमधले लाखो लोक, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले, चाडच्या पूर्व टोकावरील अद्रे या गावाजवळ सीमा ओलांडून आले आहेत. चाडला समुद्रकिनारा नाही. जहाजाने पाठवलेला माल सामान्यतः कॅमेरूनच्या दुआला बंदरात उतरतो आणि तेथून दोन हजार किलोमीटरहून अधिक अंतर ट्रकने जातो. पावसाळ्यात कोरडे ओढे एकाएकी वाहू लागले की ट्रक जागच्या जागी अडकून पडतात. आपल्या चादरीच्या किमतीपेक्षा तिचे भाडेच जास्त होईल. शिवाय जुने कपडे निवडण्यास माणसे लागतात आणि ठेवण्यास गोदाम लागते. महापुरात रस्त्यालगतच्या गावांत गाड्यांची रीघ लागली आणि आतल्या वस्त्या वाट पाहत राहिल्या, हे आपल्या कार्यकर्त्यांनी पाहिलेच असेल. धान्याचे म्हणाल, तर सुदानी माणसाच्या रोजच्या जेवणात ज्वारी असते, आणि ती जवळच्या बाजारात मिळत असेल तेथे पैसे देऊन घेणे केव्हाही सोयीचे.

दुधाची पावडर मात्र कोणत्याही परिस्थितीत पाठवू नये. अस्वच्छ पाण्यात कालवलेली पावडर तान्ह्या मुलाला अतिसाराच्या तोंडी देते आणि फुकट मिळते म्हणून आईचे अंगावर पाजणेही सुटते. म्हणूनच आणीबाणीच्या ठिकाणी अशा देणग्या स्वीकारू नयेत, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे.

आता कोण ठरवते, याविषयी. पहिला अधिकार आणि पहिली जबाबदारी यजमान देशाच्या सरकारची असते. त्याच्याबरोबर संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित उच्चायुक्तालय सर्व संस्थांच्या कामाची सांगड घालते. अन्नाचे काम मुख्यतः जागतिक अन्न कार्यक्रम पाहतो आणि मुलांचे युनिसेफ. सीमा ओलांडून आलेल्यांना आधी पाणी मिळते आणि त्यांची आरोग्य तपासणी होते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाभोवती एक रंगीत पट्टी गुंडाळतात, घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, म्हणजे पट्टीवर तांबडा रंग आला, की ते मूल तडक उपचाराकडे पाठवले जाते. पुढे नावनोंदणी होते आणि माणसे सीमेपासून आतल्या छावणीत हलवली जातात. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी आणि वीस माणसांमागे एक शौचालय, ही सर्वमान्य मापे आहेत. कोणती संस्था काय काम, कोठे करते आहे याचा तक्ता समन्वयाच्या बैठकीत मांडतात. तो नसेल तर सगळेच ब्लँकेट वाटतात आणि शौचालय कोणीच बांधत नाही.

जमलेल्या चादरी नव्या असतील आणि दुकानदार परत घेत असेल, तर त्याच पैशांची देणगी करावी. जुने कपडे येथल्याच गरजूंना द्यावेत.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे छावणीत राहिलेल्या पोलिश निर्वासितांच्या वेळी अशी व्यवस्था होती काय?
— एक शिक्षिका, गांधीनगर

उत्तर : उच्चायुक्तालय १९५०मध्ये स्थापन झाले आणि वळिवड्याची छावणी १९४३ ते १९४८ या काळातली, तेव्हा आजचा आराखडा नव्हता, पण सीमेवरच्या अडचणी ह्याच होत्या. छावणीतील सुमारे पाच हजार लोकांपैकी अनेकजण सोव्हिएत रशियातून सुटून १९४२मध्ये कास्पियन समुद्रावरील पहलवी या इराणी बंदरात उतरले होते. उवांमुळे प्रलापक ज्वर (टायफस) पसरत असल्याने किनाऱ्याचे दोन भाग केले गेले. अंगावरचे कपडे जाळून, डोकी भादरून आणि आंघोळ घालूनच माणसाला स्वच्छ भागात सोडत. जेवणात मात्र चूक झाली. महिनोन्‌महिने उपाशी राहिलेल्यांना मटणाचे तेलकट कालवण आणि डबाबंद मांस मिळाले आणि ते न सोसल्याने कितीतरी दगावले. देणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हते. काय, किती आणि आधी काय द्यावे हे सांगणारा वैद्य भांड्यापाशी हवा होता. हे लोक गेल्यानंतर त्याच जागेवर फाळणीत विस्थापित झालेल्या सिंधी बांधवांचा आसरा झाला. आपण राहता ते गांधीनगर ते हेच.

प्रश्न : मी परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. सीमेवर जाऊन सेवा करता येईल का?
— एक विद्यार्थिनी, कसबा बावडा

उत्तर : परस्पर जाऊ नये. २०२२मध्ये पोलंड-युक्रेन सीमेवर कोणीही गाडी घेऊन येई आणि एकट्या बायका-मुलांना बसवून नेई. त्यातला माणूस भला की मानवी तस्कर हे कळण्यास मार्ग नसल्याने पुढे चालकांची आणि स्वयंसेवकांची नोंदणी सुरू करावी लागली. आधी पदवी, परिचर्या परिषदेची नोंदणी आणि एखाद्या मोठ्या रुग्णालयातील अनुभव मिळवावा, मग आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेकडे रीतसर अर्ज करावा. चाडमध्ये फ्रेंच आणि अरबी या राजभाषा असल्याने त्यांपैकी एक आजपासून शिकायला घेतली तर अर्जाला वजन येईल.