नदीकाठच्या ट्रॅकवर पक्षी-प्राणी दिसतच नाहीत, काय करू?

पुण्यात बाणेरला नवीन आहात, रोज सकाळी रामनदीकाठच्या पेव्हर ब्लॉकच्या ट्रॅकवर फेऱ्या मारता, पण कावळे, कबुतरं आणि भटकी कुत्री सोडून काही दिसत नाही, असं तुम्ही विचारलंय. दिसेल, नक्की दिसेल. फक्त व्यायाम आणि पाहणं ही दोन कामं वेगळी ठेवा. फेऱ्या उरकल्या की पंधरा-वीस मिनिटं एकाच जागी उभे राहा.

जागा मात्र बघून निवडा. जिथे काठ दगडाने बांधून काढलाय आणि बाकं मांडलीत, तिथे फारसं काही हाती लागत नाही. पाणकणीस (पाण्यात वाढणारं उंच गवत) माजलंय, बाभूळ पाण्यावर वाकलीय, चिखल आहे, तिथे थांबा. जो भाग बघून 'हे साफ का करत नाहीत' असं आपण म्हणतो, नेमकं तिथेच पक्ष्या-प्राण्यांचं खाणं, लपणं आणि घरटी असतात. काठ सुशोभित करायचा म्हणून हे सगळं उपटून टाकतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

चिखलाच्या कडेला मातकट रंगाचं काहीतरी मान आखडून बसलेलं असतं, चक्क ढेकूळ वाटतं. तो वंचक, बगळ्याच्या कुळातला पक्षी. उडाला की पंख एकदम पांढरेशुभ्र! पाण्यावरच्या फांदीवर खंड्या असतोच. लांब गुलाबी पायांचे शेकाटे थव्याने दिसले तर छान वाटेल, पण सांडपाण्याच्या गाळातल्या अळ्याही त्यांना चालतात, त्यामुळे त्यांच्या गर्दीवरून पाणी चांगलं आहे असं समजू नका.

रविवारी पाषाण तलावावर जा आणि जांभळी पाणकोंबडी शोधा. लाल पायाच्या लांब बोटांत पाणकणसाचा देठ धरायचा, चोचीने सोलायचा आणि आतला मऊ गाभा खायचा, असं तिचं निवांत चाललेलं असतं. तिच्यासाठी तरी एक दुर्बीण घ्या, ८×४२ ची (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरते.

साप दिसला तर बहुधा दिवड असेल. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, डोळ्याखाली आणि डोळ्यामागे काळ्या रेघा. बिनविषारी आहे, मासे आणि बेडूक खाते. घाबरली की मान चपटी करून डोकं उचलते आणि लोक नाग समजून काठी घेऊन धावतात. कुणी धावलंच तर मध्ये पडा, पण कुठल्याही सापाला हात लावू नका. ओळखण्यात चूक होऊ शकते.

पाहुणे पक्षी हिवाळ्यात येतात. करडा धोबी सप्टेंबरातच हजर होतो आणि काठावर शेपटी हलवत फिरतो. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज लावून त्यांना बोलावू नका, विणीच्या दिवसांत तर अजिबात नाही. हद्दीत दुसरा कुणी शिरलाय असं वाटून ते घरटं सोडून धावत येतात आणि अंडी-पिल्लं उघडी पडतात.