बंद चित्रपटगृहाची नोंद पुसावी की बदलावी?

प्रश्न : ओपनस्ट्रीटमॅपवर (कोणालाही संपादित करता येणाऱ्या खुल्या ऑनलाइन नकाशावर) मी नोंदवलेले एक चित्रपटगृह कायमचे बंद झाले असून तळमजल्यावर आता फर्निचरचे गोदाम आहे. मी चित्रपटगृहाची नोंद पुसली; दुसऱ्या एका संपादकाने ती परत आणून तिला ‘डिसयूज्ड = यस’ (वापरात नाही) असा टॅग, म्हणजे नोंदीची माहिती सांगणारी खूण, जोडला. आमच्यापैकी बरोबर कोण?

उत्तर : तुम्ही घाई केलीत आणि त्यांनी काम अर्धेच सोडले. या नकाशात इमारत आणि तिचा वापर या वेगळ्या गोष्टी मानल्या जातात : वास्तू कशासाठी बांधली गेली ते ‘बिल्डिंग’ हा टॅग सांगतो, तर आज तिथे काय चालते ते ‘अमेनिटी’ (सुविधा), ‘शॉप’, ‘टूरिझम’ यांसारख्या टॅगांवरून कळते. पॅरिसमधील ओर्से संग्रहालयाची वास्तू १९०० साली रेल्वे स्थानक म्हणून उभी राहिली आणि १९८६ मध्ये तिथे संग्रहालय उघडले. तरी ‘बिल्डिंग’पुढे स्थानक आणि ‘टूरिझम’पुढे संग्रहालय लिहिण्यात कोणतीही विसंगती नाही.

‘डिसयूज्ड = यस’ची अडचण अशी की, अनेक ॲप ‘अमेनिटी = सिनेमा’ एवढेच वाचतात आणि शेजारच्या टॅगकडे पाहतही नाहीत; परिणामी चित्रपट पाहायला निघालेला माणूस गोदामाच्या दाराशी पोहोचतो. म्हणून ‘डिसयूज्ड’ हा शब्द उपसर्गासारखा मूळ टॅगलाच लावावा : ‘डिसयूज्ड:अमेनिटी = सिनेमा’. अशाने नोंद राहते, पण चालू चित्रपटगृहांच्या शोधात ती येत नाही. ‘बिल्डिंग’ला हात लावू नये; गोदामाचा उल्लेख ‘बिल्डिंग:यूज’मध्ये करता येईल. जुने नाव लोकांच्या तोंडी असेल, तर ते ‘ओल्ड नेम’मध्ये जरूर ठेवावे, असे माझे मत आहे, पत्ता विचारणारे पुष्कळदा त्याच नावाने विचारतात.

‘डिसयूज्ड’ची जागा ‘अबँडन्ड’ने (टाकून दिलेली) केव्हा घ्यावी, यावर संपादकांचे वाद होतात. थोड्याफार डागडुजीने वास्तू पुन्हा वापरता येत असेल, तर पहिला शब्द. छत खचले आहे, भिंतींतून झाडे उगवली आहेत, अशी अवस्था असेल, तर दुसरा.

वास्तू पाडली गेली, तर मात्र नोंद पुसणेच योग्य. अपवाद एकच : उपग्रहचित्र जुने असून त्यात ती अजून दिसत असेल, तर ‘डिमॉलिश्ड:बिल्डिंग = यस’ असे लिहून तिची आकृती चित्र बदलेपर्यंत ठेवावी, नाहीतर कोणीतरी चित्र पाहून ती पुन्हा रेखाटतो. तूर्त तुम्ही वरीलप्रमाणे टॅग बदला आणि जागा प्रत्यक्ष कधी पाहिली, ती तारीख संपादनाच्या टिपणीत लिहा; त्या संपादकांनाही कारण कळेल.