वाचक विचारतात: इंग्रजी अमलातले टपाल

आमच्या वाड्यातल्या दप्तरात 1860 च्या सुमाराचे एक हलके पत्र आहे. तिकीट नाही, वर एक आणा आकारल्याची खूण. दर तर अर्ध्या आण्याचा होता ना? (सांगली)

दर अर्ध्या आण्याचाच होता. पत्र बैरंग आहे. 1 ऑक्टोबर 1854 पासून देशात कुठेही पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा पडे. तिकीट न लावता टाकलेल्या पत्राचे दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून वसूल होत. तिकीट कमी लावले असेल, तर जेवढी तूट तिच्या दुप्पट.

पाव तोळा म्हणजे तीन ग्रॅमलाही थोडे कमीच. त्या काळची पत्रे पातळ कागदावर, समास न सोडता लिहिलेली दिसतात ती याच धास्तीने. 1869 मध्ये ही मर्यादा अर्धा तोळा झाली.

बैरंगाचा तोटा खात्याला होई. घेणाऱ्याने पत्र नाकारले की ते फुकट परत न्यायचे, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता नसेल तर मृतपत्र कचेरीत उघडायचे. काही बहाद्दर तर पाकिटावरच ठरलेली खूण करून धाडत. घेणारा ती पाहून पत्र परत करी; निरोप पोचलेला असे.

पावसाळ्यात आगबोटी बंद झाल्यावर कोकणात टपाल कसे जाई? (देवगड)

घाटमाथ्यापर्यंत गाडीने, पुढे हरकाऱ्यांच्या पायी. सरकारी कागदांत त्यांना रनर म्हणत. एकाचा टप्पा साधारण पाच-सहा मैलांचा. टप्प्याच्या टोकाला लाखेची मोहर तपासून थैली पुढच्याच्या हवाली करायची, चलानावर वेळ घालायची, समोरून आलेली थैली घेऊन परतायचे. हातात घुंगरांची काठी किंवा भाला.

या साखळीची मेख अशी की एक वहाळ फुगला तरी पुढचे सगळे टप्पे खोळंबत. पुढचा माणूस ताजातवाना असून उपयोग नाही, त्याच्याकडे थैलीच नसते. भिजलेल्या थैलीत मोहर शाबूत राहिली तरी पत्त्याची शाई फुटे, आणि मोडीतला पत्ता पुसट झाला की छाटणीचा कारकून हात टेकी.

खरी ओढाताण मनिऑर्डरीची. मुंबईच्या गिरण्यांतून रत्नागिरी जिल्ह्यात पैसे येत, पण गावच्या शाखा कचेरीत रोकड बेताची ठेवलेली. तिथले पोस्टमास्तर पुष्कळदा शाळामास्तरच. मनिऑर्डर येऊनही, वरच्या कचेरीतून रोकड येईपर्यंत बटवडा अडे. घरच्यांना वाटे, मास्तर टाळतोय.

टपाल खात्याचे वार्षिक अहवाल वाचताना काय जपावे? (पुणे)

आधी वर्ष पाहा. ते 31 मार्चला संपते. 1879-80 चाच अहवाल घ्या: पाव आण्याचे कार्ड 1 जुलै 1879 ला निघाले, म्हणजे त्यात कार्डांचे नऊच महिने आहेत. मनिऑर्डरीचे काम सरकारी खजिन्यांकडून टपालाकडे 1 जानेवारी 1880 ला आले, म्हणजे तिचे फक्त तीन. पुढच्या वर्षी दोन्ही आकडे उसळलेले दिसतात, त्यावरून लोकांची पत्रव्यवहाराची हौस एकदम वाढली असा निष्कर्ष काढू नये.

दुसरे, साध्या पत्रांची संख्या ठराविक दिवसांची मोजदाद करून अंदाजाने काढलेली असते. रजिस्टर पत्रे आणि मनिऑर्डरी मात्र नोंदवहीतून येतात. दोन वर्षांची तुलना करायची तर आधी त्यांच्यावर भिस्त ठेवा.