दर उन्हाळ्यात आमच्या गावरान कोंबड्या मानमोडीने मरतात. दहा-बारा पक्ष्यांसाठी लस घेणे परवडते का?

आपण शहादा तालुक्यातून लिहिता की मार्च-एप्रिल आला की आपल्या घरच्या बारापैकी आठ-नऊ कोंबड्या जातात, आणि लसीची कुपी किमान १०० पक्ष्यांची असल्याने दुकानदारच 'कशाला घेता' म्हणतो. मी नंदुरबार जिल्ह्यात बरीच वर्षे पशुधन पर्यवेक्षक होतो. माझे उत्तर असे की लस घ्यावी, पण एकट्याने घेऊ नये.

हिरवट-पांढरी हगवण, चोच उघडून घेतलेला श्वास, लोंबलेले पंख आणि दोन-चार दिवसांनी पिळवटलेली मान ही आपण सांगितलेली लक्षणे राणीखेतची, म्हणजेच मानमोडीची आहेत. कुमाऊंमधील राणीखेत येथे १९२७ च्या सुमारास हा रोग नोंदला गेला, म्हणून आपल्याकडे त्याला ते नाव पडले. बाहेर त्याला न्यूकॅसल म्हणतात. रोग विषाणूचा असल्याने पाण्यात मिसळलेल्या प्रतिजैविकाच्या पुड्या, हळद किंवा लसूण यांनी तो बरा होत नाही, आणि लस न दिलेल्या कळपात दहातल्या आठ-नऊ कोंबड्या मरणे ही नेहमीचीच गोष्ट आहे.

लहान पिलांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकतात, आणि आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी लस पंखाखाली कातडीत टोचतात. ही दुसरी लस जरा तिखट असते. त्याहून लहान पिलाला दिली तर लसच त्याला आजारी पाडू शकते, म्हणून 'एकदाच सगळ्यांना टोचून टाका' हा आग्रह धरू नये. टोचण्याच्या आठवडाभर आधी जंताचे औषध दिलेले बरे.

खरी अडचण पैशांची नसून वेळेची आणि थंडाव्याची आहे. कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते, आणि एकदा विरघळवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. नोकरीच्या सुरुवातीला मी एका पाड्यावर भर दुपारी, बर्फ अर्धा वितळलेल्या थर्मासमधून लस नेली आणि घरोघर कोंबड्यांमागे पळत बसलो. महिन्याभरात तिथे मानमोडी आली, आणि 'तुमच्या सुईनेच मेल्या' हे बायकांचे बोलणे मी मुकाट्याने ऐकून घेतले, कारण निम्मी चूक माझीच होती. त्यानंतर मी दिवस मावळल्यावर, कोंबड्या डालग्याखाली गेल्या की जाऊ लागलो. आदल्या दिवशी पाड्यात सांगून ठेवले की आठ-दहा घरांच्या शंभरेक कोंबड्या सहज तासाभरात होतात आणि कुपीचा खर्च घरागणिक अगदी किरकोळ येतो. मोझांबिक, टांझानियासारख्या देशांत उष्णता बऱ्यापैकी सोसणारी आय-टू लस दर चार महिन्यांनी थेंबाने दिली जाते, आणि तिथेही ते काम गावाने ठरवलेल्या दिवशीच होते.

दुसरी गोष्ट थोडी कटू आहे. कोंबडी सुस्त दिसली की ती आठवडे बाजारात विकण्याची आपल्याकडे रीत आहे. गरिबाच्या घरात त्यामागचे कारण मला समजते, परंतु ती टोपली चार गावांना रोग वाटत जाते. बाजारातून आणलेला कोंबडा निदान दोन आठवडे वेगळा बांधावा.

एकाएकी, लक्षणे दिसण्याआधीच बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरे निळे-काळे पडले किंवा आसपास कावळे मरू लागले, तर मानमोडीच समजून बसू नये. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला, तेव्हाही सुरुवातीला राणीखेतच असल्याचे बोलले जात होते; भोपाळच्या प्रयोगशाळेच्या तपासणीने खरे काय ते कळले. अशा वेळी मेलेला पक्षी उघड्या हाताने धरू नये, कापू नये, आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवावे.

यंदाचा हंगाम गाठायचा असेल तर जानेवारीतच शेजाऱ्यांच्या कोंबड्या मोजून दवाखान्यात लसीची मागणी नोंदवा. ज्या घरात त्या दिवशी एखादी कोंबडी आधीच मान टाकून बसली असेल, ते घर लसीकरणातून वगळा आणि तिथे पाय ठेवून दुसऱ्याच्या डालग्याकडे जाऊ नका.